किनारा, भरतीरेषा आणि आपले घर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात त्याच्या नियमांवर लेख आला होता. त्यानंतर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल अशी निवडक पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, फक्त तालुका दिला आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याचा आधार घेऊन १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली अधिसूचना निघाली. तिच्या जागी ६ जानेवारी २०११ ची आणि पुढे १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना आली. जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा २०१९ च्या नियमांप्रमाणे मंजूर होईपर्यंत तेथे २०११ च्याच तरतुदी चालतात, त्यामुळे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या जिल्ह्याचा कोणता आराखडा सध्या लागू आहे हे आधी पाहावे लागते. पुढील उत्तरे २०१९ च्या नियमांना धरून आहेत.

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित कौलारू घर समुद्रापासून साधारण दीडशे मीटरवर आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मे छप्पर उडाले आणि पडवीची भिंत खचली. आता ते उतरवून त्याच जागी चिऱ्याचे घर बांधावे आणि पर्यटकांसाठी वर दोन-तीन खोल्या काढाव्यात असा विचार आहे. ग्रामपंचायत म्हणते सीआरझेडमध्ये काही करता येत नाही, तर गावातला कंत्राटदार म्हणतो आता नियम सैल झाले आहेत, बिनधास्त बांधा. खरे कोणाचे? (तालुका दापोली)

दोघांचेही पुरते खरे नाही. नियम सैल झाल्याचे जे ऐकू येते त्याचे मूळ असे आहे. २०१९ मध्ये ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पाडले गेले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जेथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे, तेथे आराखडा मंजूर झाल्यावर ना विकास क्षेत्र, म्हणजे नवे बांधकाम करता येत नाही तो पट्टा, भरतीरेषेपासून ५० मीटरवर येते. जेथे घनता त्याहून कमी आहे, तेथे ते पूर्वीसारखे २०० मीटरच राहते. रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी घनता त्या जनगणनेत २०० च्याही आत होती. दाट वस्तीची एखाददुसरी मच्छीमार वसाहत सोडली तर वाड्यावाड्यांनी विखुरलेल्या आपल्या गावांना ही सवलत लागू होणे कठीण आहे. ती सवलत गृहीत धरून कंत्राटदार अंदाजपत्रक काढत असेल, तर कामाला सुरुवात होण्यापूर्वीच त्याला थांबवा.

तुमचे घर १५० मीटरवर, म्हणजे ना विकास क्षेत्रात आहे. तेथे नवे बांधकाम होत नाही. मात्र अस्तित्वात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. अट अशी की चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधलेले क्षेत्रफळ), जोत्याचे क्षेत्रफळ आणि घनता पूर्वीइतकीच राहिली पाहिजे. म्हणून जुन्या जोत्यावर चिऱ्याचे घर बांधणे शक्य आहे. वर मजला चढवून खोल्या काढल्या तर चटई क्षेत्र वाढते, त्यामुळे ते या तरतुदीत बसत नाही. मच्छीमार किंवा इतर पारंपरिक किनारी समाजांच्या घरांसाठी १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात स्वतंत्र तरतूद आहे, पण ती राज्य शासनाने त्या समाजांशी विचारविनिमय करून तयार केलेल्या सर्वंकष आराखड्यानुसारच वापरता येते, एकेका अर्जावर सहसा चालत नाही. पर्यटकांना घरात उतरवण्याची, म्हणजे होमस्टेची मुभा अधिसूचनेत आहे. परंतु ती ना विकास क्षेत्राबाहेरील घरांसाठी आहे आणि घराचे जोते, रचना किंवा दर्शनी रूप न बदलता तिचा लाभ घ्यायचा आहे. तिचा आधार घेऊन तुम्हाला मजला चढवता येणार नाही.

आता 'अधिकृत' या शब्दाविषयी, कारण बहुतेक अर्ज येथेच अडतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुरेसा आहे असे लोक समजतात. नमुना ८ कर आकारणीची नोंद आहे. त्यावरून घर कधीपासून उभे आहे हे दाखवता येते, पण तेवढ्यावरून ते परवानगीने बांधलेले होते असे ठरत नाही. म्हणून जुने घरपत्रक, १९९१ पूर्वीच्या कर पावत्या, वीज जोडणीचा दाखला, गावठाणाचा नकाशा, मिळकत पत्रिका किंवा सातबाऱ्यावरील घराची नोंद यांपैकी मिळेल ते एकत्र करा आणि पडक्या घराची जोत्यासह मोजणी करून पंचनाम्याची प्रत ठेवा. वादळानंतर तलाठ्याने नुकसानीचा पंचनामा केला असेल तर त्याची प्रत फार कामाची ठरेल. जोते उखडण्यापूर्वीच ही मोजणी करून घ्या. जोते नाहीसे झाल्यावर ते पूर्वी किती लांब-रुंद होते हे कोणीच सांगू शकत नाही, आणि अशा वेळी शंकेचा फायदा अर्जदाराला मिळत नाही.

परवानगीसाठी मुंबईला जावेच लागेल असे नाही. स्वतःच्या राहण्यासाठी एकूण ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाला महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. अधिसूचनेच्या कसोट्या तपासून स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकते. ही तरतूद अर्जात नमूद करा. पर्यटकांसाठीच्या खोल्या मात्र स्वतःच्या राहण्यात मोडत नाहीत, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : आमच्या आगरात नारळाची चार पिढ्यांची झाडे आहेत आणि आजवर कधी समुद्राचे पाणी आलेले नाही. आराखड्याच्या मसुद्यात मात्र भरतीरेषा आमच्या कुंपणाच्या आत काढली आहे. ही रेषा कोण ठरवते आणि ती बदलता येते का? (तालुका श्रीवर्धन)

अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथपर्यंत चढते ती रेषा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कोठवर येते हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते, त्यामुळे तुमचा राग समजण्यासारखा आहे. पण तांत्रिक संस्था फक्त पाण्यावरून रेषा काढत नाही. वाळूच्या टेकडीचा पायथा, वनस्पतींची सीमा, जुन्या लाटांनी केलेले वाळूचे थर अशा भूरूपांवरूनही ती ठरते. २०१९ च्या आराखड्यांसाठी चेन्नई येथील राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने काढलेली भरतीरेषा आधारभूत मानली आहे. आराखडा १:२५,००० प्रमाणाचा असतो. त्या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर भरतो. एका कुंपणाचा निकाल एवढ्या लहान प्रमाणाच्या नकाशावर लावणे योग्य नाही, म्हणून स्थानिक निर्णयांसाठी गट क्रमांक दाखवणारा १:४,००० प्रमाणाचा नकाशा लागतो. तुमच्या हरकतीत पहिली मागणी त्या नकाशाची करा, कारण तो हाती आल्याशिवाय वाद कोणत्या मुद्द्यावर आहे हेच ठरत नाही.

मसुदा असताना सुनावणी होते. तेथे तोंडी सांगितलेले विरून जाते, लेखी हरकतीची मात्र नोंद राहते. गट क्रमांक, अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे आणि शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या ऋतूंतील स्थिती द्या. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात आणि दिवाळीनंतर ती हळूहळू परत येते. आषाढात घेतलेले छायाचित्र आणि मार्गशीर्षात घेतलेले छायाचित्र शेजारी ठेवले तर एकाच पुळणीची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याची, दोन रूपे दिसतात. हा फरक अधिकाऱ्याच्या लक्षात आणून देणे हा तुमच्या हरकतीचा सर्वांत भक्कम भाग होऊ शकतो. मात्र तो दुधारी आहे हेही सांगतो, कारण आषाढातले छायाचित्र पाहून रेषा आतच काढायला हवी असेही कोणी म्हणू शकेल.

येथे एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, मूळ प्रश्नात तो नसला तरी. २०११ मध्ये भरतीरेषेबरोबर धोक्याची रेषा आखण्याचे ठरले होते. समुद्राची वाढती पातळी, किनाऱ्याची धूप आणि पूर यांचा विचार करून ती भारतीय सर्वेक्षण विभागाने काढायची आणि तिला नियमनाचा आधार मिळायचा होता. २०१९ मध्ये तिचे काम आपत्ती व्यवस्थापनापुरते उरले आणि बांधकामाच्या परवानगीशी असलेला संबंध तुटला. आपण आज जेथे पाणी येते त्या रेषेवर भांडतो, आणि तीस-चाळीस वर्षांनी पाणी जेथे येईल ती रेषा परवानगीच्या बाहेर ठेवतो. माझ्या मते या अधिसूचनेतील सर्वांत मोठा दोष हा आहे. तुमचे कुंपण त्यापुढे गौण आहे, पण हरकत घेताना धोक्याच्या रेषेचा नकाशाही मागा. गावाच्या शाळेपासून स्मशानापर्यंत काय काय तिच्या आत येते हे गावकऱ्यांना कळले पाहिजे.

प्रश्न : आमच्या गावाच्या पुळणीची दरवर्षी धूप होते. शेजारच्या गावात काही वर्षांपूर्वी दगडी बंधारा झाला आणि त्यांची वस्ती वाचली. तेव्हापासून आमच्याकडची पुळण अधिक वेगाने खचते असे लोक म्हणतात. आम्हीही पत्तन (बंदरे) विभागाकडे बंधाऱ्याची मागणी केली आहे. योग्य आहे का? (तालुका मालवण, ग्रामपंचायत सदस्य)

लोकांचा संशय बहुधा बरोबर आहे. लाट सपाट पुळणीवर चढते तेव्हा तिची ताकद वाळूत जिरते. तीच लाट उभ्या दगडी भिंतीवर आदळली की मागे फिरते आणि जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू उपसते. काही वर्षांत भिंतीपुढची पुळण नाहीशी होते, भिंतीचा पाया उघडा पडतो आणि पुन्हा दगड टाकावे लागतात. भिंत जेथे संपते त्या टोकाला लाटांचा मारा वळून येतो. तेथील वाळू आता मागच्या बाजूने भरून निघत नाही, कारण मागची जमीन भिंतीने अडवलेली असते. शेजारच्या भिंतीच्या टोकापासून तुमच्या पुळणीची धूप सुरू होत असेल तर कारण शोधायला लांब जायला नको.

हे मी फक्त भिंतीविषयी म्हणत नाही. पुदुच्चेरीला १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदराचे लाटरोधक बांधले आणि किनाऱ्याने वाहणारी वाळू दक्षिणेला अडकली. उत्तरेकडे शहरापुढची पुळण नाहीशी झाली आणि तेथे दगडांची ओळच उरली. तीस वर्षांनी राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेला पाण्याखाली कृत्रिम खडक उभारून वाळू परत आणण्याचे काम हाती घ्यावे लागले. आपला कोकण किनारा वेगळा आहे. दोन डोंगरी टोकांच्या मध्ये वाळू अडकून राहते आणि एका पुळणीची वाळू दुसरीकडे फारशी जात नाही. म्हणजे आपल्या पुळणीचा साठा मर्यादित आहे. त्यात भर घालतात त्या नद्या आणि खाड्या. खाडीतून सक्शन पंपाने वाळू उपसली की तो पुरवठाच आटतो. त्यामुळे बंधाऱ्याच्या मागणीबरोबर खाडीतील वाळू उपशाचा प्रश्न ग्रामसभेत न घेणे म्हणजे घागर गळत असताना विहिरीवर भांडणे होय.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह छायाचित्रांवरून देशाच्या किनाऱ्याची पाहणी केली होती. तीत देशाच्या किनाऱ्याचा सुमारे ३४ टक्के भाग धुपत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते आणि जवळपास दोन तृतीयांश किनारा स्थिर होता. याचा अर्थ आपल्याकडे प्रत्येक पुळणीला भिंत लागत नाही. ज्या ठिकाणी घरे, रस्ता किंवा विहीर लाटांच्या तोंडावर आली आहे आणि मागे हटायला जागा नाही, तेथे भिंत समर्थनीय ठरते. पण तीसुद्धा खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेसारख्या संस्थेकडून अभ्यास करूनच व्हावी, आणि अभ्यास गावाच्या हद्दीपुरता नसून दोन टोकांमधील पूर्ण पुळणीचा असावा. इतर ठिकाणी मर्यादवेल, केवडा आणि उंडी यांसारख्या झाडांनी धरलेली वाळूची टेकडी हीच संरक्षक भिंत आहे. ती बांधायला खर्च येत नाही, फक्त तिच्यावर जीप फिरवायची नसते.

तुमच्या तालुक्याला एक विशेष हत्यार आहे. मालवण आणि आचरा-रत्नागिरी ही क्षेत्रे अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहेत आणि तेथे स्थानिक समाजांना सोबत घेऊन एकात्मिक व्यवस्थापन आराखडा करायचा आहे. बंधाऱ्याच्या अर्जात या तरतुदीचा उल्लेख करून शेजारच्या ग्रामपंचायतीसह संयुक्त अभ्यासाची मागणी करा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांना त्या बैठकीत बोलवा. रापणीला मोकळी, उताराची पुळण लागते, भिंतीसमोर ती ओढता येत नाही. भिंत झाल्यावर त्यांना विचारणे निरर्थक आहे.

प्रश्न : आमच्या खारशेतीचा बंधारा फुटला. दुरुस्तीसाठी अर्ज केले, पण वर्षे गेली. आता भाताच्या खाचरांत तिवरांची, म्हणजे कांदळवनाची, झाडे उभी राहिली आहेत आणि जमीन आता वापरता येणार नाही असे आम्हाला सांगितले जाते. सातबारा आमचा, पण हक्क कोणाचा? (तालुका पेण)

रायगड जिल्ह्यातील हा जुना आणि खरोखर अन्यायकारक प्रश्न आहे. त्याचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, तरी स्पष्ट देतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशात आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांच्या तोडीवर कडक बंदी घातली आहे. जमीन खाजगी असली तरी झाडे तोडता येत नाहीत आणि कांदळवन सीआरझेड-१ या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात मोडते. मालकी मात्र तुमचीच राहते. सरकारी जमिनीवरील कांदळवन वनखात्याकडे जाते, खाजगी सातबारा आपोआप सरकारजमा होत नाही. म्हणजे जमीन तुमची, पण त्यावर जे उगवले आहे त्याला हात लावता येत नाही.

न्यायालयाचा निकाल मला योग्य वाटतो, कारण त्याआधी मुंबईच्या आसपास मुद्दाम भराव टाकून कांदळवने मारण्याची रीत झाली होती. पण त्या निकालाच्या सावलीत एक दुसरी गोष्ट घडते. बांधाला पडलेली खांड, म्हणजे खिंडार, वेळेत बुजवली नाही की भरतीचे पाणी आत येते, बिया येतात, तीन-चार पावसाळ्यांत तिवर आणि चिप्पी डोक्याएवढी होते आणि मग त्या झाडांकडे बोट दाखवून दुरुस्ती नाकारली जाते. दुरुस्तीला विलंब कोणी केला हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम १९७९ चा आहे आणि शासकीय योजनेतल्या बंधाऱ्यांची व उघाड्यांची (पाणी बाहेर सोडणाऱ्या दारांची) देखभाल खारभूमी खात्याकडे आहे. तुमचा बंधारा त्या योजनेत आहे की खाजगी आहे हे आधी शोधा. योजनेत असेल तर जुने अर्ज, पोच आणि खांड गेल्याची तारीख दाखवणारे पंचनामे हा तुमचा मुख्य पुरावा आहे. भरपाईचा दावा झाडांवर नाही, विलंबावर उभा राहील.

ज्यांच्या बांधाला आजच खांड गेली आहे, त्यांनी पहिल्याच उधाणानंतर तहसीलदार आणि खारभूमी उपविभाग यांना लेखी कळवावे, तारखेची छायाचित्रे घ्यावीत आणि झाड नसताना जमीन कशी होती याची नोंद करून ठेवावी. जेथे अजून कांदळवन उभे राहिलेले नाही तेथे खांड बुजवून काही पावसाळे गोड्या पाण्याने क्षार निघून जाऊ दिले की भात पुन्हा घेता येते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने त्यासाठी पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षारसहिष्णू जाती काढल्या आहेत.

प्रश्न : अलिबागजवळ 'सीआरझेडमुक्त एन.ए. प्लॉट' अशी जाहिरात पाहिली. एन.ए. झालेला असेल तर घर बांधायला अडचण नाही ना? (पुणे)

एन.ए. म्हणजे जमीन शेतीबाहेरच्या कामाला वापरण्याची महसुली परवानगी. किनारा नियमनाशी तिचा संबंध नाही. तिन्ही कागद वेगवेगळे मागा : नगररचना कार्यालयाचा झोन दाखला, गट क्रमांकासह किनारा आराखड्याचा उतारा आणि बिगरशेती आदेश. समुद्राकडील ५०० मीटर तर सगळे तपासतात, पण जवळून खाडी जात असेल तर तिच्या काठावरची ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकी, यांपैकी जी कमी ती पट्टीही नियमनाखाली येते. २०११ मध्ये ही पट्टी १०० मीटरची होती. मालक 'समुद्र लांब आहे' असे म्हणत असताना मागच्या बाजूच्या लहानशा खाडीवर प्लॉट अडकल्याची उदाहरणे नवीन नाहीत.

पाण्याविषयी विक्रेता काही सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. किनारी वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते, असे भूजलशास्त्राचे ठोकताळे सांगतात. वरची पातळी उपशाने अर्धा मीटर उतरली की खालचे खारे पाणी वीस मीटर वर येते. म्हणून एका बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाने शेजारच्या पाच विहिरींना खार लागू शकतो, आणि एकदा लागलेला खार सहजी जात नाही. याच कारणाने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसा स्थानिक रहिवाशांच्या गरजेपुरता मर्यादित केला आहे, तर २०० ते ५०० मीटरमध्ये साध्या विहिरीतून हाताने आणि पिणे, बागायत, शेती, मासेमारी अशा कामांसाठीच उपसा करता येतो, तोही दुसरा स्रोत नसेल तर. बोअर मारून मोटार लावणे त्यात बसत नाही.

प्रश्न : गावाला पर्यटन विकासाचा निधी मिळाला आहे. पुळणीवर सिमेंटचा कट्टा, बाके आणि विजेचे खांब लावायचे ठरले आहे. कासवे येतात म्हणून काही तरुण विरोध करत आहेत. त्यांचे म्हणणे पोरकट आहे का? (तालुका मंडणगड, सरपंच)

अजिबात पोरकट नाही. वाळूच्या टेकड्या सपाट करणे, सुशोभीकरणासाठी त्यांचे रूप बदलणे हे अधिसूचनेत प्रतिबंधित आहे. कासवांची घरटी असलेला किनारा सीआरझेड-१ अ मध्ये मोडतो. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले पाण्याकडील उजळ क्षितिजाच्या दिशेने निघतात. किनाऱ्यावर दिवे असले की ती दिव्याकडे चालतात, सकाळपर्यंत थकतात आणि कावळ्यांच्या किंवा कुत्र्यांच्या तोंडी जातात. तुमच्याच तालुक्यातील वेळासचे नाव देशभर झाले ते या पिल्लांमुळे. लोक तेथे कट्टा पाहायला येत नाहीत.

निधी परत जाऊ नये ही तुमची अडचणही खरी आहे. चहाची टपरी, कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी अशा तात्पुरत्या सोयी भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर ठेवून उभारता येतात. मात्र घरटी असलेल्या पट्ट्यात त्यांचीही जागा मागे घ्यावी लागेल. शौचालये आणि सांडपाण्याची सोय गावठाणात करा. पर्यटकांना तीच पाहिजे असते आणि गावकऱ्यांनाही. हंगामात दिवे रात्री बंद ठेवण्याचा ठराव करा. कामाचे नाव 'सुशोभीकरण' असेल तर अंदाजपत्रक बदलून घ्या. निधी देणारे खाते सहसा कामाचा प्रकार बदलू देते, शिवाय आक्षेप आल्यावर झालेला खर्च वाया जाण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : आमच्या झोपडीला नोटीस येते आणि समुद्रात भराव घालून मार्ग, बंदरे होतात. मग हा कायदा कोणासाठी? (तालुका डहाणू)

समुद्रकाठाशिवाय जे चालूच शकत नाही, म्हणजे बंदर, जेटी, दीपगृह, त्याला पहिल्यापासून मुभा आहे. एवढे कोणीही मान्य करील. अडचण सुरू होते ती त्या मुभेचा परीघ वाढवला जातो तेव्हा. मुंबईच्या किनारी मार्गासाठी भरावावर रस्ता बांधता यावा म्हणून २०१५ च्या अखेरीस २०११ च्या अधिसूचनेत दुरुस्ती झाली. १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने त्याची सीआरझेड परवानगी रद्द केली आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिल्यावर काम पुन्हा सुरू झाले. तुमच्या तालुक्याचेच उदाहरण घ्या. १९९१ मध्ये डहाणू पर्यावरणदृष्ट्या नाजूक तालुका जाहीर झाला, १९९६ मध्ये त्यासाठी खास प्राधिकरण नेमले गेले, त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारले आणि २०२३ मध्ये त्याच ठिकाणच्या बंदराला ना हरकत दिली.

नियमांचा जाच लहानाला अधिक होतो हे खरे आहे, पण त्यावर सरसकट शिथिलता हा इलाज नाही. २००० नंतरची जवळजवळ प्रत्येक शिथिलता मोठ्या प्रकल्पांना आधी लाभली आहे. लहानाला लागते ती त्याच्या घराची, जाळी सुकवण्याच्या जागेची आणि होड्या ओढण्याच्या वाटेची आराखड्यावर नोंद. २०१९ चे आराखडे करताना मच्छीमार वसाहती आणि त्यांच्या सामायिक जागा नकाशावर दाखवायच्या आहेत. तुमच्या गावाच्या नकाशावर त्या आहेत का हे पाहा. जी जागा नकाशावर नाही तिच्यासाठी उद्या भांडायला आधारच उरत नाही.

प्रश्न : बेकायदा भराव दिसला तर तक्रार कोठे आणि किती दिवसांत करायची? (तालुका रत्नागिरी)

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यात पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावेत असे अधिसूचनेत आहे. आधी लेखी तक्रार तेथे करा आणि प्रत राज्य प्राधिकरणाला पाठवा. दखल घेतली गेली नाही तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जाता येते. मूळ अर्जासाठी कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, योग्य कारण दाखवल्यास ती आणखी साठ दिवस वाढते. दिलेल्या परवानगीविरुद्ध अपील करायचे असेल तर मुदत फक्त तीस दिवसांची आहे, आणि तीही आणखी साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत बसल्याने ही मुदत थांबत नाही, म्हणून भराव प्रथम कधी दिसला ती तारीख वहीत लिहून ठेवा. पर्यावरण कायदा मोडल्याबद्दलची तुरुंगवासाची शिक्षा जन विश्वास अधिनियमाने काढून टाकली असून आता १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा तक्रारीत दंडाबरोबरच भराव काढून जमीन पूर्ववत करण्याची मागणी स्पष्ट शब्दांत करा.